दीर्घिका वर्षाला किती तारे घडवते, हे मोजतात कसं? (नान्नजच्या हुरड्यातून निघालेला धागा)

कोरडवाहू
शनिवारी नान्नजच्या पुढं मित्राच्या शेतात हुरडा होता. अमावास्या जवळच होती, म्हणून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकून नेली. माळढोक अभयारण्याच्या बाजूला अंधार अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. दक्षिणेला सोलापूरचा उजेड पिवळ्या धुरासारखा चढलेला असतो, पण डोक्यावर आकाश काळंभोर.

आगटी विझत आली तेव्हा पोरांना रांगेत उभं करून देवयानी दीर्घिका दाखवली. भाची यंदा दहावीला आहे. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "मामा, हिथं वर्षाला किती तारे जन्मतात?" मी पुस्तकी उत्तर दिलं: आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण दीड-दोन सूर्यांएवढं वस्तुमान ताऱ्यांत बदलतं, देवयानीत त्याहून कमी, एका सूर्याच्याही आत. त्यावर तिचा पुढचा प्रश्न: "मोजलं कुणी? २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या बाळंतपणाची नोंद कोण ठेवतं?"

मित्र हसले. मीही हसलो, पण मला नीट सांगता आलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मग हातातल्या कणसावरूनच एक गोष्ट सुचली, ती इथं मांडतो. चुकलं तर कान धरा.

ज्वारी हुरड्याच्या अवस्थेत किती दिवस असते? फार तर दोन आठवडे. त्यामुळे एखाद्या गावात तुमच्यापुढं गरम हुरडा आला, की डोळे झाकून सांगता येतं, इथं यंदा पेरणी झाली आहे आणि पीक आत्ता उभं आहे. उलट कडब्याची गंज बघून तसं सांगता येत नाही. ती यंदाची असेल, गेल्या वर्षीची असेल, दोन्ही मिळून असेल.

ताऱ्यांचं असंच आहे. सूर्यासारखा तारा सुमारे १० अब्ज वर्षं जळतो, त्याहून लहान लाल तारे आणखी कितीतरी जास्त. हा सगळा कडबा. पण सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा कोटीभर वर्षांतच आटोपतो, आणि सगळ्यात भारी असतात ते ३० लाख वर्षांत. हा हुरडा. तेव्हा एखाद्या दीर्घिकेत असे भारी, निळे, प्रचंड तापलेले तारे आज दिसत असतील, तर ते जन्मून फार काळ झालेला असणं शक्यच नाही. एकेक तारा मोजायची गरज नाही. त्यांचा खास उजेड मोजायचा आणि त्यावरून पेरणीचा वेग काढायचा.

तो खास उजेड म्हणजे एक अतिनील, आणि दुसरा एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा. दोन्हींवरून गेल्या १० कोटी वर्षांतला हिशोब लागतो. मृगातल्या एम ४२ तेजोमेघाच्या फोटोत जो लाल रंग येतो ना, तो हाच.

शेंगाचटणी
पहिली गोष्ट, हुरडा पार्टी केली आणि बोलावलं नाही. नोंद घेतली आहे.
दुसरी गोष्ट, सोबत चटणी कुठली होती?

कोरडवाहू
@शेंगाचटणी घरची. उखळात कुटलेली, मिक्सरची नव्हे. विषयावर या.

उत्तर_कसबा
कान धरते. मी मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात याच विषयाच्या आसपास संशोधन करते, म्हणून राहवलं नाही.

हुरड्याची उपमा मला फार आवडली, चोरणार आहे. पण शेवटच्या परिच्छेदात तुम्ही दोन वेगळ्या घड्याळांना एकच काटा लावलात. १० कोटी वर्षं ही अतिनीलची मुदत आहे. एच-अल्फाची मुदत त्याच्या दहाव्या भागाइतकीही नाही, जेमतेम कोटीभर वर्षं.

कारण असं. हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो. इतका कडक प्रकाश पुरेशा प्रमाणात फक्त सगळ्यात तापलेले, ३० हजार अंशांच्या पुढचे तारे देतात. ते आजूबाजूच्या वायूचे अणू फोडतात, सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत येऊन बसतात आणि पायऱ्या उतरताना, तिसरीवरून दुसरीवर, तो लाल प्रकाश सोडतात. हिशोब अगदी कारकुनी आहे: अणू फोडणाऱ्या दर सव्वादोन प्रकाशकणांमागे साधारण एक एच-अल्फाचा कण बाहेर पडतो. म्हणजे ही लाल रेषा थेट ताऱ्यांचा प्रकाश नव्हेच. त्यांनी आजूबाजूच्या वायूला जे पेटवलं त्याची ती पावती आहे. ते तारे मेले की पावती बंद.

साधा अतिनील उजेड मात्र त्यांच्याहून हलके, पाच-सहा सूर्यांचे तारेही देतात आणि ते दहा कोटी वर्षांपर्यंत टिकतात. म्हणून त्याची स्मरणशक्ती लांब.

तुमच्याच भाषेत: एच-अल्फा म्हणजे आगटीवर आत्ता भाजत असलेलं कणीस, अतिनील म्हणजे यंदाचा सगळा रब्बी हंगाम.

कोरडवाहू
धन्यवाद ताई. मूळ लेखात बदल करत नाही, चूक तशीच राहू दे, म्हणजे खालची चर्चा कळेल.

खटखट
कोरडवाहू भाऊ, शेतकऱ्याचं उदाहरण दिलाव, आता कारखानदाराचं ऐका. आमचे टॉवेलचे माग हायत, अशोक चौकाच्या अलीकडं. ताईंनी दोन घड्याळं म्हटल्या तसं आमच्याकडंबी असतंय.

कुठल्या कारखान्यात किती माल निघतोय हे बाहेरच्याला कसं कळणार? एक, रात्री गल्लीत उभं राहून खटखट ऐकायची. ही आत्ताची गोष्ट. जॉबर आला नाही म्हणून चार माग बंद असले तरी लगेच कळतंय. दोन, महिन्याचं वीजबिल. यात चालू-बंद सगळं मिसळून सरासरी येती. तीन, गोडाऊनमधला माल. त्यात गेल्या दिवाळीचाबी पडलेला असतो, त्यावरून आजचं काय सांगणार?

म्हणजे खटखट एच-अल्फा, बिल अतिनील, गोडाऊन म्हातारे तारे. बरोबर का बे?

उत्तर_कसबा
बरोबर! आणि तुमच्या उदाहरणात हुरड्यात नसलेली एक सोय आहे. खटखट आणि बिल दोन्ही हातात असेल तर कारखाना वाढतोय की बसतोय हेही कळतं. महिन्याच्या बिलाच्या मानानं आज खटखट जास्त आहे, म्हणजे नवी ऑर्डर आली. दीर्घिकांतही एच-अल्फा आणि अतिनील यांचं गुणोत्तर बघून तारानिर्मितीचा भडका नुकताच उडालाय की विझत चाललाय याचा अंदाज घेतात. लहान दीर्घिकांमध्ये हे विशेष दिसतं. तिथं काम सलग चालत नाही, धक्क्याधक्क्यानं चालतं.

तिसरी_घंटा
उपमा पुरे झाल्या. आकडे कुठं आहेत? उजेडावरून थेट "वर्षाला दोन सूर्य" कसं येतं? मध्ये काहीतरी हातचलाखी असणार.

उत्तर_कसबा
आहे, आणि ती लपवलेली नाही. आधी आकडे घ्या.

रॉबर्ट केनिकट यांनी १९८३ मध्ये जवळच्या दीर्घिकांचा एच-अल्फा मोजून त्यावरून वेग काढला आणि १९९८ मध्ये सगळ्या पद्धतींचा एकत्र आढावा घेतला. त्यातली सूत्रं आजही, थोडी दुरुस्त होऊन, वापरात आहेत. सध्याच्या मापानुसार एच-अल्फा रेषेत साधारण ५ कोटी सूर्यांच्या एकूण तेजाइतकं तेज दिसलं, तर ती दीर्घिका वर्षाला एका सूर्याच्या वस्तुमानाचे तारे घडवते. तेज काढायला अंतर लागतं. दिसणारा उजेड अंतराच्या वर्गानं फिकट होतो, त्यामुळे अंतर १० टक्के चुकलं तर वेग २० टक्के चुकतो.

हातचलाखी पुढं आहे. "एका सूर्याचं वस्तुमान" म्हणजे एक तारा नव्हे. जन्मणारे बहुतेक तारे सूर्याहून लहान असतात, तेव्हा दोन सूर्यांच्या मालातून चार-सहा छोटे तारे निघतात. आणि ज्यांच्या उजेडावर आपण हा सगळा हिशोब करतो ते भारी तारे, सूर्याच्या आठपटीहून मोठे, शंभरात जेमतेम एक. म्हणजे मोजतो एक आणि उरलेले नव्व्याण्णव गृहीत धरतो.

तिसरी_घंटा
म्हणजे मी म्हणत होतो तेच. नव्व्याण्णव टक्के कल्पना.

निवृत्त_मास्तर
घंटाराव, दमानं. गृहीत आणि कल्पना यांत फरक असतो. मी तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. पटावर साठ पोरं असली आणि पुढच्या बाकावरची पाच दिसली, की मागं किती असतील हे मला प्रत्येकाकडं न बघता कळायचं. कारण वर्गाची ठेवण ठाऊक असायची.

ताऱ्यांच्या वर्गाची ठेवण एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये मांडली. सूर्याच्या शेजारपाजारचे तारे मोजले, कुणी किती जगतो ते जमेस धरलं आणि जन्माच्या वेळी लहान-मोठ्यांचं प्रमाण काय असतं त्याचा नियम काढला. वजन दहापट केलं की, वजनाच्या तितक्याच पटीच्या टप्प्यातल्या ताऱ्यांची संख्या सुमारे बावीसपट घटते. हा नियम आपल्या परिसरातल्या ताऱ्यांना बराच लागू पडतो. उघड्या डोळ्यांनी दिसतं त्यावरून फसू नका. आकाशात ठळक दिसतात ते बहुतेक भारी किंवा म्हातारपणी फुगलेले. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा, लाल आणि इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

उत्तर_कसबा
मास्तर, 🙏. एक पुरवणी: साल्पीटर यांचा नियम हलक्या ताऱ्यांच्या टोकाला जरा जास्तच तारे सांगतो. पुढच्या मोजणीत ते टोक कमी झालं. फक्त एवढ्या दुरुस्तीनं सगळ्या दीर्घिकांचे तारानिर्मितीचे आकडे जुन्या मापाच्या दोन-तृतीयांशावर आले. आकाशात काहीही बदललं नाही, आमचे आकडे बदलले. म्हणून दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवताना आधी कुणी कुठली ठेवण धरली ते बघायचं असतं. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला महिना याच घोळात जातो. माझाही गेला.

@तिसरी_घंटा, तुमची शंका फेटाळत नाही. फार दूरच्या, अगदी सुरुवातीच्या दीर्घिकांतही हीच ठेवण होती का, हा खरोखरच उघडा प्रश्न आहे.

तिसरी_घंटा
हे प्रामाणिक उत्तर. मान्य. आता धुळीचं सांगा. मी वाचलंय की दीर्घिकांत धूळ असते आणि ती उजेड खाते. मग निम्मा उजेड खाल्ला तर निम्मा वेग?

खटखट
धूळ खाती म्हणजे काय, सोलापुरात राहून हे विचारायला लागलाव? मे महिन्यात सकाळी पुसलेली गाडी संध्याकाळी बघा.

कोरडवाहू
यावर मला काहीतरी सांगता येईल, कारण लहानपण उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्यात गेलं.

आमचं जुनं घर दगडी. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढं गेला की दिवसभर भिंती ऊन प्यायच्या. आत अंधार, गारवा, ऊन कुठं दिसायचं नाही. पण रात्री नऊला भिंतीला पाठ टेकवली की चटका. दुपारी प्यायलेलं ऊन भिंत रात्रभर ओकत असायची, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या रूपात.

धूळही तेच करते. अतिनील आणि निळा उजेड पिते, स्वतः थोडी तापते (थोडी म्हणजे तरीही शून्याखाली दोनशे-अडीचशे अंशच) आणि तीच ऊर्जा अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, परत टाकते. ऊर्जा कुठं जात नाही. भिंतीला हात लावून दिवसाचं ऊन मोजायचं, एवढंच.

उत्तर_कसबा
यापेक्षा चांगलं मला वर्गातही सांगता आलं नसतं.

या "भिंतीला हात लावण्या"चा मोठा क्षण १९८३ चा. त्या वर्षी जानेवारीत आयआरएएस नावाचा उपग्रह गेला. तो दहा महिने चालला आणि त्यानं जवळजवळ सगळं आकाश अवरक्तात पाहिलं. तेव्हा कळलं की साध्या दुर्बिणीत फिकट, वेड्यावाकड्या दिसणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात भट्टीसारख्या पेटलेल्या आहेत. आर्प २२० हे त्यातलं गाजलेलं नाव, २५ कोटी प्रकाशवर्षांवर. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्यात. तिच्या एकूण तेजाचा बहुतेक सगळा भाग अवरक्तात येतो आणि तारानिर्मितीचा वेग वर्षाला शंभर सूर्यांच्या पलीकडे जातो. नुसत्या अतिनीलवर विसंबला असतात तर तिला आळशी ठरवलं असतंत.

अवरक्ताचं माप: साधारण ६-७ अब्ज सूर्यांचं तेज म्हणजे वर्षाला एक सूर्य. एच-अल्फाच्या ५ कोटींशी ताडून बघा, म्हणजे ती एक रेषा एकूण ऊर्जेचा किती छोटा तुकडा आहे ते कळेल.

पण कोरडवाहूंच्या भिंतीत एक चोर आहे. भिंत फक्त उन्हानं तापत नाही, आतल्या चुलीनंही तापते. दीर्घिकेतली धूळ नुसत्या तरुण ताऱ्यांनी तापत नाही, म्हातारे तारेही तिला हळूहळू ऊब देतात. शांत दीर्घिकांत हा वाटा मोठा असतो. तो वजा केला नाही तर जिथं काही जन्मत नाही तिथंही पाळणा हलताना दिसतो.

निवृत्त_मास्तर
धुळीची दुसरी युक्ती मी सांगतो, ती मला सगळ्यात देखणी वाटते.

हायड्रोजन लाल रेषेबरोबरच एक निळसर-हिरवी रेषाही देतो, एच-बीटा, ४८६.१ नॅनोमीटर. साध्या तेजोमेघात या दोन्हींचं प्रमाण अणूच्या नियमांनी बांधलेलं असतं: लाल २.८६, तर ही १. वायूच्या तापमानानं किंचित हलतं, पण फार नाही. धूळ निळा रंग जास्त खाते, लाल कमी. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो त्याच जातीची गोष्ट. त्यामुळे वर्णपटात प्रमाण २.८६ ऐवजी ४ आलं, तर मध्ये किती धूळ आहे ते त्यावरूनच निघतं. दुकानदारानं काटा मारला, पण किती मारला ते काट्यावरच लिहून ठेवलं म्हणा ना.

४ आलं तर खरा एच-अल्फा दिसतो त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. ५ आलं तर पावणेचारपटीच्या आसपास. वहीत करून बघितलं, ताईंनी तपासावं.

उत्तर_कसबा
तपासलं. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीसारखी धूळ धरली तर दोन्ही बरोबर. मास्तर, तुमच्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो.

फक्त धूळ फारच दाट असेल तर ही युक्ती हरते. जो उजेड बाहेर आलाच नाही, त्याचं गुणोत्तर कुठून काढणार? आर्प २२० च्या पोटात तेच होतं.

शेंगाचटणी
मग तिथं काय करायचं? (प्रश्न प्रामाणिक आहे. चटणी बाजूला ठेवली आहे.)

खटखट
मी सांगतो. शटर खाली असलं की उजेड बाहेर येत न्हाई, खटखट येतीच की! भिंत कितीबी जाड असू दे.

उत्तर_कसबा
😀 अगदी. ती खटखट म्हणजे रेडिओ. भारी तारे मरताना स्फोट होतो, त्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं उधळतात आणि दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्रात गोल फिरताना रेडिओ लहरी देतात. रेडिओला धूळ दिसतही नाही. तुमच्या उपमेतली खटखट आधी एच-अल्फा होती, आता रेडिओ झाली, पण चालतंय.

आणि हे काम आपल्या जिल्ह्यापासून काही तासांवर चालतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २०२० मध्ये तिथल्या निरीक्षणांतून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून, सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्यात अणुरूप हायड्रोजन सरासरी किती होता ते काढलं गेलं. एकेकीचा संकेत इतका क्षीण की सुटा दिसणारच नाही. याच निरीक्षणांतल्या रेडिओ तेजावरून त्यांचा तारानिर्मितीचा वेगही काढला. मग भागाकार केला: शिल्लक माल भागिले खप. उत्तर आलं एक ते दोन अब्ज वर्षं. बाहेरून नवा वायू येत राहिला नाही तर तेवढ्यात कोठार रिकामं.

विश्वाचा एकूण तारानिर्मितीचा वेग महास्फोटानंतर साधारण साडेतीन अब्ज वर्षांनी शिगेला होता आणि आज त्याच्या दहाव्या भागावर आलाय. ही उतरण का लागली, याचं एक कारण या रिकाम्या होणाऱ्या कोठारात आहे.

खटखट
सूत संपलं की माग बंद. आमच्याकडं तर सूत असूनबी बंद पडालेत, पण तो वेगळा धागा काढावा लागंल.

तिसरी_घंटा
माझा शेवटचा प्रश्न. एच-अल्फा दिसला म्हणजे तारेच जन्मताहेत कशावरून? दुसरं काही पेटवत नसेल वायूला?

उत्तर_कसबा
असतंच. दीर्घिकेच्या मध्यावरचं महाकाय कृष्णविवर माल गिळत असेल तर त्याभोवतीचा उजेडही वायू पेटवतो. तो ओळखायला ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांशी ताडून बघतात. १९८१ मध्ये बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच या तिघांनी त्याचा नकाशा मांडला, तो आजही रोज वापरतो. त्यातही नायट्रोजनच्या दोन रेषा एच-अल्फाच्या अगदी दोन्ही बाजूंना चिकटून बसलेल्या असतात. फिल्टर रुंद असला तर त्याही हिशोबात शिरतात आणि वेग फुगतो.

उलट चूकही होते. अणू फोडणारा उजेड वायूत न अडकता दीर्घिकेबाहेर निसटला तर पावतीच फाटत नाही आणि वेग कमी भरतो. असं निसटताना आपल्या ॲस्ट्रोसॅटनं पाहिलंय. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला हा उपग्रह, त्यावर ३७.५ सेंटीमीटरच्या दोन जुळ्या अतिनील दुर्बिणी. २०२० मध्ये पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा असा कडक अतिनील प्रकाश त्यात सापडला.

कोरडवाहू
भाचीला काल संध्याकाळी हा सगळा धागा वाचून दाखवला. तिला भिंत आवडली, मागही आवडले, साल्पीटर कंटाळवाणा वाटला. आणि तिनं परत विकेट काढली: "मामा, ज्या दीर्घिकेत हुरडाच नाही, नुसता कडबा आहे, तिच्यात अतिनील शून्य दिसणार ना?"

मी हो म्हणालो. ताई, हो ना?

उत्तर_कसबा
नाही! आणि गंमत म्हणजे याचं उत्तर तुम्ही त्या रात्री दाखवलेल्या देवयानीतच आहे. १९६८ मध्ये गेलेल्या ओएओ-२ उपग्रहानं देवयानीचा मध्यभाग अतिनीलमध्ये पाहिला. तिथं तारे बहुतेक म्हातारे, अतिनील जवळपास नसायला हवा होता. पण होता, आणि तरंगलांबी आखूड होत जाईल तसा वाढत होता. नंतर अशा कित्येक म्हाताऱ्या, लंबगोल दीर्घिकांतही तेच सापडलं. हा उजेड तरुण ताऱ्यांचा नाही. म्हातारपणी ज्यांचं बाहेरचं आवरण गळून आतला तापलेला गाभा उघडा पडतो, अशा लहान ताऱ्यांचा तो आहे, असं आता मानतात.

तुमच्या भाचीला सांगा, जुन्या कडब्याच्या गंजीवरही कधी हिरवं दिसतं, पण ती पेरणी नसते.

कोरडवाहू
सांगितलं. ती म्हणते, "मग मामा, तुम्ही त्या रात्री मला देवयानीचा मधला भागच दाखवत होता."

खरं आहे. आठ इंचीत डोळ्याला तेवढंच नीट दिसतं. कडेची तारे घडवणारी वर्तुळं फोटोतच येतात.

तेव्हा ठरलंय असं: पुढच्या अमावास्येला आकाश साथ देईल तर त्रिकोणातली एम ३३ धरायची. तिच्यात एनजीसी ६०४ नावाचा तेजोमेघ आहे, सुमारे दीड हजार प्रकाशवर्षं रुंद. मृगातला एम ४२ त्याच्यापुढं पणती. मित्राकडं जुना डीएसएलआर आहे, त्यातला लाल उजेड अडवणारा आतला फिल्टर काढून घेतलाय आणि ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर उसना मिळतोय. एम ३३ तोवर अंधार पडतानाच पश्चिमेला कलायला लागेल, त्यामुळे सातच्या आत ट्रायपॉड उभा हवा. हुरडा तेव्हा संपलेला असेल, ज्वारी काढणीला आलेली असेल.

खटखट
मी यालोय. शनिवारी माग सातला बंद करतो.

शेंगाचटणी
चटणी माझ्याकडं. कडक भाकरी कोण आणणार ते लिहा खाली.